बेअरिंगवाल्यांच्या घरी फोटोग्राफर

“पूर्वी या कपाटात पाय तरी पसरता यायचे,” कपाटाच्या आतून कुणीतरी कुरकुरलं.

सूनबाई टेबलावर अंथरायचा मोठा कपडा काढायला आली होती. तिने दार उघडलं, तर सासूबाईंच्या लोकरी कोटांच्या मधोमध, गुडघे छातीशी घेऊन, सासरे बसलेले. पायात बूट, मांडीवर लहानशी बॅग, आणि चेहऱ्यावर असा भाव की दार न वाजवता आत शिरण्याचा आगाऊपणा तिनेच केला आहे.

“दार लाव. उजेड येतो,” ते म्हणाले.

दुसरी एखादी सून किंचाळली असती. पण ही या घरात चांगली मुरलेली. इथे जेवताना दाराकडे पाठ करून कुणी बसत नाही, बाजारात गेलेलं माणूस गेल्या वाटेने परत येत नाही, गॅलरीच्या कठड्यावर हिरवा टॉवेल वाळत असेल तरच घरच्यांनी बेल वाजवायची आणि नसेल तर खालून एक चक्कर मारून यायचं, हे सगळं ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती. का, ते विचारायचं नाही, हेसुद्धा. बाबांचा स्वभावच तसा, एवढंच उत्तर मिळायचं.

बाबा बेअरिंग विकायचे. सायकलीपासून जहाजापर्यंत सगळ्यात लागणारी पोलादी गोळ्यांची बेअरिंग. जन्मभर फिरतीची नोकरी. आल्यागेल्याला हेच सांगितलं जाई, आणि गल्लीत त्यांना बेअरिंगवाले याच नावाने ओळखत. घरात मात्र एक बेअरिंग कधी कुणी पाहिलं नव्हतं. एकदा कपडे धुण्याचं मशीन खडखडायला लागलं, तेव्हा मेकॅनिकने आतलं झिजलेलं बेअरिंग काढून मोठ्या आदराने बाबांच्या हातात ठेवलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, लग्नात न ओळखता येणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं, आणि म्हणाले, “छान आहे.” त्या दिवशी घरातले सगळे एकाच वेळी छताकडे बघत होते. अळीमिळी गुपचिळी.

आता कपाटातून बाबा खालच्या आवाजात जे सांगत होते, तेही बेअरिंगच्याच भाषेत. दोन जुनी गिऱ्हाईकं सुटून आली आहेत. त्यांचं दुकान बाबांनी एके काळी बंद पाडलं होतं, मालाबद्दल त्यांची तक्रार आहे. महिनाभर फोन वाजतो आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, तो त्यांचाच. समोरच्या बाकावर रोज एकच वर्तमानपत्र वाचणारा जाडा गृहस्थ, तोही त्यांच्यातलाच. आज सकाळी बाक रिकामा होता, म्हणजे आजच येणार. म्हणून बाबांनी ठरवलं होतं, की केक कापताना सगळे गाण्यात दंग झाले की आपण मागच्या जिन्याने उतरायचं, रस्त्यावर त्यांना मुद्दाम दिसायचं, आणि त्यांना मागे घेऊन लांब जायचं. फार लांब. परत न येण्याइतकं.

“गिऱ्हाईक माणसाच्या मागे जातं, दुकानात बसून राहत नाही,” बाबा म्हणाले. “कुणाला सांगू नकोस. बाकीच्यांना यातलं काही ठाऊक नाही.”

सूनबाईला आधी हसू आलं. मग तिची नजर त्या बॅगेवर गेली. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दर आठवड्याला हे म्हातारं माणूस तिच्या दुकानात चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला यायचं. स्क्रू कधीच ढिला झालेला नसायचा. ती उगाच पेचकस फिरवायची, ते उगाच आरशात बघायचे, मग दोघं चहा प्यायची. सासऱ्याने सुनेवर इतकी माया करावी आणि तिने ती शब्द न काढता घ्यावी, ही त्या दोघांची पद्धत. आता तो चष्मा बॅगेच्या कप्प्यात दात घासायच्या ब्रशशेजारी दिसत होता.

“बाबा, जरा उठता का,” ती म्हणाली. “तुम्ही टेबलाच्या कपड्यावर बसला आहात.”

बाहेर सासूबाईंच्या सत्तरीची गडबड होती. नणंद दाताची डॉक्टर. सगळ्यांच्या तोंडात डोकावायची सवय, आणि स्वतःचं तोंड सहसा मिटत नसे. तिचा नवरा, म्हणजे जावईबापू, बेकरीवाले. ते सहसा तोंड उघडत नसत. त्यांनी आणलेला केक एवढा मोठा होता की दारातून तिरका करून आत आणावा लागला. सूनबाईचा नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. सुट्टीच्या दिवशीही कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, आणि या इमारतीची लिफ्टही त्याच्याच देखरेखीखाली होती.

बाबा कुठे आहेत, असं नणंदेने विचारलं. फुलं आणायला गेलेत, असं सूनबाईने सांगितलं. नणंदेने तिला खिडकीपाशी ओढलं आणि हळूच बजावलं, की बाबांच्या जाण्यायेण्याबद्दल आईसमोर फार बोलू नये, त्यामागे काही कारणं आहेत. “तुला नाही कळायचं. आमच्या घरातलं जुनं आहे ते.”

आमच्या घरातलं. सूनबाईने टेबलावरच्या कपड्याची सुरकुती जरा जास्तच जोरात सारखी केली.

आणि बेल वाजली.

पाचही जणांनी आधी गॅलरीकडे पाहिलं. कठड्यावर हिरवा टॉवेल नव्हता. बाबांनी तो सकाळीच काढला होता. म्हणजे बेल वाजवणारा घरचा नव्हे, घराला ओळखणाराही नव्हे. सासूबाईंनी स्वतः जाऊन दार उघडलं.

दारात जाडा गृहस्थ, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात कॅमेरा. मागे एक उंच बाई, खांद्यावर लांबोडकी बॅग. वाढदिवसाचा फोटो काढायला आलो आहोत, साहेबांनीच बोलावलं होतं, असं तो गोड हसून म्हणाला.

पाचही जण त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले.

गंमत अशी, की या दोघांनी महिनाभर घरावर पाळत ठेवली होती. कोण कधी येतं, कधी जातं, काय आणतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त घरातले अल्बम त्यांनी पाहिले नव्हते. त्या अल्बमांत बाबांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा नेहमी बाबांच्या हातात, आणि दुसऱ्या कुणी उचललाच तर बाबांचा पंजा तोंडासमोर. नणंदेच्या लग्नाच्या फोटोत वडिलांच्या जागी कुंडी आहे. नातेवाइकांना सांगताना सासूबाई त्या कुंडीकडे बोट दाखवून “हे इथे उभे होते” म्हणत. जगातल्या कुठल्याही घरात फोटोग्राफर बनून खुशाल शिरावं, पण या घरात तसं शिरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सगळ्यांनाच एका क्षणात कळलं. आणि प्रत्येकाला वाटलं, की हे फक्त आपल्यालाच कळलंय.

“या, या,” सासूबाई म्हणाल्या. “बसा. आमचं आवरायचंय अजून.”

त्यांनी त्या दोघांना आत का घेतलं, हे सूनबाईला नंतर समजलं. साप आहे हे कळल्यावर तो बिळात जाण्यापेक्षा समोर असलेला बरा.

मग आवरणं सुरू झालं. नणंद कंगवा आणायला म्हणून आत गेली. लपंडावात बाबा कुठे लपतात हे तिला लहानपणापासून पाठ. तिने त्यांना कपाटातून काढून न्हाणीघरात नेलं, कारण शोधणारा कपाटच आधी उघडतो. ती बाहेर आली तशी लिफ्टवाला बूट बदलायला म्हणून आत गेला. त्याने कपाट उघडलं, ते रिकामं दिसलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो पलंगाखाली शिरला. तेवढ्यात जावईबापू हात धुवायला गेले, त्यांना न्हाणीघरात कुणाचीतरी चाहूल लागली. हा त्या दोघांचा तिसरा साथीदार, असं त्यांनी ठरवलं, बाहेरून कडी घातली, आणि कडीला आपल्या पट्ट्याची गाठही मारली. मग एका हाताने विजार सावरत ते बाहेर आले आणि काहीच घडलं नसल्यासारखे केकशेजारी उभे राहिले.

तिघेही आळीपाळीने सूनबाईच्या कानाशी लागून गेले. नवरा म्हणाला, ताईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती घर डोक्यावर घेईल. नणंद म्हणाली, याला सांगू नकोस, हा लहानपणापासून हळवा. जावईबापू काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पट्टा नसलेल्या कमरेकडे बोट दाखवून मान हलवली, आणि त्यातून कुणालाही काही समजणं शक्य नव्हतं. सूनबाई सगळ्यांना हो म्हणाली. इतक्या वर्षांत तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आज जो तो तिच्याच ओटीत गुपित टाकून चालला होता.

फोटोग्राफरने सगळ्यांना खिडकीपाशी बसायला सांगितलं. पण तिथे बसलं की दाराकडे पाठ होत होती. कुणी बसेना. नणंद उठून कडेला आली, लिफ्टवाला तिच्या जागी, जावईबापू त्याच्या, आणि सासूबाई खुर्चीसकट फिरल्या. पुन्हा मांडामांड, पुन्हा पाठी दाराकडे, पुन्हा सगळे गोल फिरलेले. लग्नाच्या मांडवातही इतकी खुर्च्यांची पळवापळव झाली नसती. मुद्दाम वेळ काढायला म्हणून नणंदेने भांडण उकरलं, की आईशेजारी नेहमी सूनच का बसते. सूनबाईने सांगितलं, कारण आईंच्या डोळ्यांत औषध घालायला रोज तीच असते. हे खोटं भांडण दोन वाक्यांतच खरं झालं. मागच्या दुखण्यात कोण आलं, कोण नुसता फोन करत राहिलं, सगळं निघालं. उंच बाई कंटाळून भिंतीला टेकली.

भांडता भांडता सूनबाईचं लक्ष फोटोग्राफरच्या चेहऱ्याकडे होतं. नंबराचा चष्मा असला की काचेतून दिसणारी गालाची कड आत तरी सरकते, नाहीतर बाहेर तरी. याची कड सरळ रेघेसारखी. साध्या काचा. बरं, ते एक असो. पण तो मघापासून एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघत होता, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण त्याने काढलंच नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही. न बोलण्यात या घराचा हात कुणी धरला नसता.

तेवढ्यात आतून न्हाणीघराचं दार खटखटलं.

नणंद खोकली. लिफ्टवाल्याने किल्ल्या वाजवल्या. पुन्हा खटखट झाली, आणि मग जे घडलं ते घरात पुढे कायम सांगितलं गेलं: जावईबापू गाऊ लागले. लग्न झाल्यापासून ज्यांच्या तोंडून एका वेळी चारापेक्षा जास्त शब्द निघाले नव्हते, त्या माणसाने डोळे मिटून, एका हातात विजार धरून, वाढदिवसाचं गाणं खड्या आवाजात सुरू केलं. आवाज खरोखर चांगला होता. सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला.

गाणं संपलं तेव्हा फोटोग्राफरचं हसू उतरलेलं होतं. त्याने बाईच्या खांद्यावरची लांबोडकी बॅग उघडून आत हात घातला, आणि हात आतच ठेवला.

“घर छान आहे,” तो म्हणाला. “आटोपशीर. सगळे एका खोलीत मावता. साहेबांना सांगा, जुनी गिऱ्हाईकं आली आहेत. ते आले तर आम्ही गुपचूप जाऊ. नाही आले, तर मग तुमचाच फोटो काढायला लागेल.”

आता मात्र कुणालाही खोकला आला नाही. नणंदेने सूनबाईचा हात पकडला. मघाशी जिच्याशी भांडत होती तिचाच हात, आणि चांगला घट्ट.

आतल्या खोलीच्या दारात बाबा उभे होते. न्हाणीघराची बाहेरची कडी त्यांनी आतून दाराच्या फटीतून कशी काढली असेल, ते त्यांनाच ठाऊक. जावईबापूंचा पट्टा व्यवस्थित गुंडाळून त्यांनी हातात आणला होता. तो त्यांनी जावयाला दिला. कोटाच्या खांद्यांवर लोकरीचे धागे चिकटले होते. सासूबाईंनी ते धागे पाहिले, मग त्यांच्या दुसऱ्या हातातली लहानशी बॅग पाहिली.

“जुनी गिऱ्हाईकं आहेत,” बाबा घरच्यांना म्हणाले. आवाज नेहमीसारखा, जरासा वैतागलेला, विक्रेत्याचा. “मालाची तक्रार आहे. बघून येतो. संध्याकाळपर्यंत येतो.”

हे वाक्य या घरात सगळ्यांना पाठ होतं. प्रत्येक फिरतीच्या आधी बाबा हेच म्हणायचे. कुठली संध्याकाळ, ते कधी सांगितलं नाही. लिफ्टवाल्याच्या लहानपणी अशी एक संध्याकाळ यायला एवढा वेळ लागला होता, की बाबा परतले तेव्हा त्याने त्यांना काका म्हणून हाक मारली होती. आता तो जमिनीकडे बघत किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळत होता.

बाबा दाराकडे निघाले. दोन पावलं आणखी, आणि गेलेच असते.

“जाण्याआधी एक फोटो होऊन जाऊ दे,” सूनबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “सगळ्यांचा. पाहुण्यांसकट.”

आणि तिने फोन वर धरला.

तीन हात एकाच क्षणी वर गेले. बाबांचा, जाड्याचा, उंच बाईचा. तिघांचा पंजा तसाच, बोटं फाकलेली, अंगठा हनुवटीखाली, जणू एकाच शाळेत शिकलेले. बॅगेतला हात बाहेर आला तो रिकामाच. कारण चेहरा झाकायचा की बॅग सांभाळायची, यात जन्मभराच्या सवयीने चेहराच निवडला. सूनबाईने फोटो काढला. मग नणंदेला उमगलं. तिनेही फोन काढला, जावईबापूंनी काढला, सासूबाईंनी उलटा धरून का होईना पण काढला. पाहुणे तोंड फिरवतील तिकडे एक फोन. घरच्यांची मघाची खुर्च्यांची पळवापळव आता पाहुण्यांच्या नशिबी आली.

“गेला,” नणंद म्हणाली.

“कुठे?” जाड्याने विचारलं. पहिल्यांदाच खऱ्या आवाजात.

“सगळ्यांना.”

सगळ्यांना म्हणजे मावस, मामे, आते, चुलत असा जेवढा गोतावळा फोनवरच्या घरगुती ग्रुपवर होता तेवढ्यांना. लागलीच फोन टिंगटिंगू लागले. हे पाहुणे कोण, असं एका मावशीने विचारलं. बेअरिंगवाले फोटोत कसे आले, असं दुसरीने, आणि पाठोपाठ तिचे डोळे पुसणाऱ्या चेहऱ्याचे चार इमोजी. तिसरीला उंच बाईचा रंग आवडला होता, लग्न झालंय का, एवढंच तिला हवं होतं. नणंद प्रत्येक संदेश मोठ्याने वाचत होती. जन्मभर कुणाच्या नजरेत न येता वावरलेली ती दोन माणसं, दहा मिनिटांत एका अख्ख्या कुटुंबाच्या पंचनाम्यात सापडली. उंच बाईने बॅग उचलली, जाड्याची बाही ओढली, आणि दोघं दाराबाहेर पळाले.

जिन्याच्या तोंडाशी तोवर जावईबापू केक घेऊन उभे होते. एवढा मोठा केक आडवा धरला की जिना शिल्लकच राहत नाही. पळणारे क्षणभर केककडे बघत राहिले आणि लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टवाल्याने वाट पाहिली. लिफ्ट एक मजला उतरू दिली, मग भिंतीवरची पेटी उघडून आतला खटका खाली ओढला. खालून दोन मजल्यांच्या मधून एक दबका धक्का ऐकू आला आणि मग बरेच शिव्याशाप.

“दुरुस्तीला वेळ लागेल,” तो गंभीरपणे म्हणाला. “आज सुट्टी आहे.”

सगळे हसू लागले. थांबता थांबेना. नणंद जिन्यावरच बसली आणि सूनबाईच्या खांद्यावर डोकं टेकून हसली, मग जरा रडली, मग पुन्हा हसली. “ते झाकण,” ती कसंबसं म्हणाली, “कॅमेऱ्यावरचं झाकण पाहिलंस तू?” सूनबाईने पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

तोवर सासूबाई आत फोनपाशी गेल्या होत्या. त्यांनी कुठेही न बघता एक नंबर फिरवला.

“कपडे वाळलेत,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “दोन आहेत. लिफ्टमध्ये लोंबताहेत. लवकर येऊन घेऊन जा.” आणि ठेवून दिला.

बाबांचं तोंड उघडं राहिलं. ते खुणेचं वाक्य त्यांचं होतं. तो नंबरही त्यांच्याच लोकांचा. त्यांनी तो जागेपणी कुणाला सांगितलेला नव्हता.

“कुणाला केलास फोन?” त्यांनी विचारलं.

“धोब्याला,” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. धोब्याला. बरोबर. मग त्यांनी खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. हसणं हळूहळू विरलं. बाबा कुणाकडेच न बघता सांगू लागले, की गिऱ्हाईकं दोनच नसतात. दोन अडकली की त्यांच्या मागची चार येतात. तक्रार मोठी आहे, पत्ताही आता सगळ्यांना ठाऊक झालेला. तेव्हा त्यांनी मागच्या जिन्याने निघावं, हेच ठीक. फिरती आहे. बेअरिंगच्या धंद्यात असं चालायचंच.

“संध्याकाळपर्यंत येतो,” ते म्हणाले.

लिफ्टवाला छताकडे बघू लागला. नणंदही. जावईबापू केकच्या कडेवरचं फूल निरखू लागले. सवय ती सवय. सूनबाईनेही मान वर केली होती, पण तिला ते छत सहन होईना. तिने डोळे खाली आणले आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडेच बघत होत्या. बराच वेळ बघत असाव्यात.

मग सासूबाई उठल्या, नवऱ्याजवळ गेल्या, आणि त्याच्या खांद्यावरचा आपल्या कोटाचा एक धागा चिमटीत धरून काढला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हेर होता. बेअरिंग तुम्ही एकसुद्धा विकलं नाहीत. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, पोरांना ठाऊक आहे, जावयाला ठाऊक आहे, आणि या माझ्या सुनेला तर कुणी न सांगता ठाऊक आहे. तेव्हा आता संध्याकाळ वगैरे काही सांगू नका. पळायचंच असेल तर सगळे मिळून पळू. थांबा, मी कोट घेते.”